इंजिनिअरिंग आणि व्यवस्थापन एकत्र शिकायचे असेल, तर पदवीनंतर लगेच की थोडे थांबून?

व्हर्नियर

नमस्कार. मी यंदा सोलापुरातील एका महाविद्यालयातून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी पूर्ण केली. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (मागांची देखभाल करणारे) आहेत आणि आमच्या घरातून अभियंता झालेला मी पहिलाच आहे.

प्रश्न सुचला तो शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पामुळे. चिंचोळी एमआयडीसीतील एका कारखान्यात आम्ही चौघांनी फिक्स्चर (नग यंत्रावर धरून ठेवणारा साचा) बदलून एका सुट्या भागाच्या मशिनिंगचा वेळ २२ मिनिटांवरून १८ मिनिटांवर आणला. प्रकल्पाला गुणही चांगले मिळाले. महिनाभराने मी सहज तेथे गेलो, तेव्हा सुपरवायझरांनी सांगितले की नग खात्यात आल्यापासून बाहेर पडेपर्यंत पूर्वीसारखेच चार दिवस लागतात. आम्ही वाचवलेली चार मिनिटे तपासणीच्या टेबलासमोरच्या ढिगात जिरून गेली होती. खात्यात कोणत्याही वेळी साधारण १,२०० नग पडून असतात आणि रोज ३०० नग बाहेर जातात. ही गोष्ट आम्हाला चार वर्षांत कोणी शिकवली नव्हती, आणि आता मला तीच शिकायची आहे.

एमबीए, एमटेक आणि परदेशातील ‘इंजिनिअरिंग मॅनेजमेंट’ या तिन्ही वाटांवर हीच गोष्ट शिकवतात, असे प्रत्येक माहितीपत्रक सांगते. यांत खरा फरक काय आहे? आणि अनुभव नसताना लगेच प्रवेश घ्यावा की आधी नोकरी करावी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

भुईकोट

व्हर्नियर, तुझा प्रश्न चांगला आहे, कारण तो पदवीच्या नावापासून नव्हे तर नगांच्या ढिगापासून सुरू झाला आहे. मी वाहनांच्या सुट्या भागांच्या उत्पादनात २२ वर्षे आहे. तीन वर्षे नोकरी करून मग ऑपरेशन्सचे, म्हणजे उत्पादनाच्या व्यवस्थापनाचे, शिक्षण घेतले. त्या अनुभवावर लिहितो.

तुला जे दिसले, त्याला शास्त्रात नाव आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम असा आहे की, व्यवस्थेत सरासरी जितका माल असतो, त्याला रोज बाहेर पडणाऱ्या मालाने भागले की एका नगाला लागणारा सरासरी वेळ मिळतो. तुझ्या आकड्यांत १,२०० भागिले ३००, म्हणजे बरोबर चार दिवस. मशिनिंगचा वेळ या गणितात कोठेही येत नाही. तपासणीची क्षमता रोज ३०० नगांचीच असेल, तर मशिनवर कितीही मिनिटे वाचवली तरी ढीग फक्त आणखी उंच होतो. इंजिनिअरने यंत्र पाहिले, व्यवस्थापकाने महिन्याचा आकडा पाहिला, आणि दोघांच्या मधली जागा कोणीच पाहिली नाही. दोन्ही विषय एकत्र शिकायचे ते या मधल्या जागेसाठी.

आता अभ्यासक्रमांतील फरक. तो समजून घेण्यासाठी पवईचा परिसर डोळ्यांसमोर आणावा, कारण तेथे जवळजवळच्या तीन ठिकाणी हा विषय तीन प्रकारे शिकवला जातो. आयआयटी मुंबईत ‘इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्च’ हा विभाग आहे. तेथील एमटेकला गेट या परीक्षेतून प्रवेश मिळतो आणि अभ्यास गणिती स्वरूपाचा असतो. संभाव्यता, ऑप्टिमायझेशन, रांगांचे शास्त्र, सिम्युलेशन हे विषय तेथे खोलवर शिकायला मिळतात, पण बाजारपेठ, माणसे आणि ताळेबंद यांचा भाग कमी असतो. त्याच आवारात १९९५ मध्ये सुरू झालेली शैलेश जे. मेहता व्यवस्थापन संस्था आहे. तेथील एमबीएला कॅट या प्रवेश परीक्षेचे गुण लागतात आणि वर्गात इंजिनिअरांचाच भरणा मोठा असतो. तिसरी संस्था विहार तलावाजवळची. १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या साहाय्याने नीटी या नावाने ती स्थापन झाली आणि २०२३ मध्ये तिचे आयआयएम मुंबई झाले. कार्यपद्धती आणि वेळेचे मापन, उत्पादनाचे नियोजन, पुरवठा साखळी या विषयांत तिची सहा दशकांची परंपरा आहे. तुझ्या ढिगाचा प्रश्न या तिन्ही ठिकाणी शिकवतील, पण पहिल्या ठिकाणी त्याचे समीकरण मांडतील, दुसऱ्या ठिकाणी त्यात किती भांडवल अडकले ते विचारतील आणि तिसऱ्या ठिकाणी तपासणीचे टेबल कोठे हलवायचे इथपासून सुरुवात करतील. हे वर्णन ठोकळेबाज आहे याची मला कल्पना आहे, तरी निवड करताना उपयोगी पडेल.

म्हणून माहितीपत्रकाचे पहिले पान सोडून थेट विषयांची यादी वाचावी. दुसऱ्या वर्षी ऑपरेशन्सचे किती ऐच्छिक विषय प्रत्यक्ष चालवले जातात, ते शिकवणारे कोण आहेत आणि प्रकल्प कारखान्यात करायचा की ग्रंथालयात, या तीन गोष्टी तेथील चालू विद्यार्थ्यांना विचाराव्यात. ‘टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट’ अशा भारदस्त नावाखाली सामान्य एमबीएचेच विषय शिकवणाऱ्या संस्था कमी नाहीत.

थांबण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. दोन वर्षे कारखान्यात काढ. अमेरिकेतील एमआयटीत इंजिनिअरिंगची एमएस आणि एमबीए अशा दोन्ही पदव्या दोन वर्षांत देणारा कार्यक्रम १९८८ पासून चालतो. आज तो ‘लीडर्स फॉर ग्लोबल ऑपरेशन्स’ या नावाने ओळखला जातो आणि त्यात सहा महिने एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम करावे लागते. तेथे प्रवेशासाठी आधीचा अनुभव मागतात, आणि त्यामागे कारण आहे. ज्याने पाळी बदलताना होणारा गोंधळ पाहिलेला नाही, त्याला नियोजनाचा धडा म्हणजे केवळ तक्ता वाटतो.

ताणाबाणा

भुईकोट यांनी अभ्यासक्रमांबद्दल जे लिहिले आहे ते मला पटते. ‘आधी दोन वर्षे नोकरी’ हा सल्ला मात्र सरसकट देऊ नये, असे मला वाटते. त्याकडे शेवटी येते.

मी टेक्स्टाईल इंजिनिअर आहे. पदवीनंतर लगेच सीईटी देऊन पुण्यात एमबीए केले आणि आता घरचा टेरी टॉवेलचा कारखाना पाहते. परत आल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या हातून जी चूक झाली ती येथे लिहिते, कारण या चर्चेच्या विषयाशी तिचा थेट संबंध आहे.

माझे वडील तीन-तीन महिन्यांचे सूत एकदम घेत. गोदाम भरलेले असायचे आणि कॅश क्रेडिटचे, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाचे, व्याज चालू राहायचे. वर्गात मी फोर्ड हॅरिस यांचे १९१३ चे सूत्र शिकले होते. एका वेळी किती माल मागवला म्हणजे खरेदीचा आणि साठवणीचा एकत्रित खर्च सर्वांत कमी होतो, ते त्यातून कळते. आमच्या एका जातीच्या सुताची वर्षाची गरज २४,००० किलो, प्रत्येक खरेदीमागचा खर्च १,५०० रुपये आणि किलोमागे वर्षाचा साठवणखर्च २० रुपये असा मी धरला. उत्तर आले सुमारे १,९०० किलो. म्हणजे तिमाहीला ६,००० किलो घेण्याऐवजी महिन्याला घ्यायचे. मी तसे केले आणि पहिले काही महिने व्याज खरोखर कमी झाले. मग दिवाळीआधी सुताचा भाव दोनदा चढला. टॉवेलच्या ऑर्डरी मात्र जुन्या दराने घेतलेल्या होत्या. त्या हंगामाचा जवळजवळ सगळा नफा सुतात गेला.

सूत्र चुकीचे नव्हते. भाव आणि मागणी स्थिर आहेत असे ते गृहीत धरते आणि सोलापुरात सुताचा भाव स्थिर नसतो. वडिलांचे भरलेले गोदाम मला जुनाट सवय वाटत होते, पण प्रत्यक्षात तो भाववाढीविरुद्धचा विमा होता आणि कॅश क्रेडिटचे व्याज हा त्या विम्याचा हप्ता होता. हे कळल्यावर आम्ही मधला मार्ग काढला. जी ऑर्डर ठरलेल्या दराने पक्की होते, तिचे सूत त्याच दिवशी बांधून घ्यायचे आणि नेहमीच्या विक्रीचे सूत सूत्राने मागवायचे. ही वाट एकट्या इंजिनिअरला सुचली नसती, कारण त्याला दराचा धोका दिसत नाही. एकट्या एमबीएलाही सुचली नसती, कारण कोणत्या ऑर्डरीला कोणते सूत, किती आणि कधी लागणार, हे त्याला मागापाशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. दोन्ही विषय शिकल्याचा उपयोग मला त्या दिवशी झाला.

आता थांबण्याबद्दल. आमच्या वर्गातल्या तीन मुलींनी ‘दोन वर्षांनी पुढे शिकू’ असे ठरवले होते. त्यांपैकी एकही पुन्हा वर्गात बसली नाही. लग्न, सासरचे गाव, मूल, आजारपण यांतून ती दोन वर्षे कधी सरली ते त्यांनाही कळले नाही. ज्यांच्या घरात शिकण्याचा निर्णय एकदाच घेता येतो, त्यांनी तो हातात असताना घ्यावा. अनुभव नाही म्हणून वर्गात काही गोष्टी उशिरा कळतील, हे मान्य आहे. मला तर परत आल्यावर कळल्या. पण कळल्या.

व्हर्नियर

भुईकोट काका आणि ताणाबाणा ताई, मनापासून आभार. लिटल यांचा नियम वाचून मी प्रकल्पाची वही पुन्हा काढली आणि तिसऱ्या आठवड्याच्या नोंदी त्या दृष्टीने तपासल्या, त्याही जवळपास जुळल्या.

आणखी दोन अडचणी आहेत. पहिली पैशाची. वडिलांचे उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत आहे आणि त्यांना कर्जाची भीती वाटते. दुसरी परदेशाची. एक मित्र जर्मनीचा आग्रह धरतो आहे, पण तेथील नियम मला ठाऊक नाहीत.

कंबर तलाव

मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि शैक्षणिक कर्जांचे काम अनेक वर्षे पाहिले आहे. तुमच्या वडिलांची भीती अनाठायी नाही, म्हणून आकड्यांतच बोलू.

समजा, शुल्क आणि राहणे मिळून २० लाख रुपयांचे कर्ज १० टक्के दराने घेतले, त्यातील १० लाख पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला आणि १० लाख दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला उचलले. अभ्यासक्रम संपेपर्यंत सरळ व्याजानेच तीन लाख होतात आणि नंतरच्या एक वर्षाच्या सवलतीच्या (हप्ते न भरण्याच्या) काळात आणखी दोन लाख. हप्ते सुरू होतात तेव्हा डोक्यावर २५ लाख असतात आणि दहा वर्षांच्या फेडीला मासिक हप्ता सुमारे ३३,००० रुपये बसतो. सवलतीचा काळ म्हणजे बिनव्याजी काळ, असा समज करून घेतलेली कितीतरी कुटुंबे मी पाहिली आहेत. शक्य असेल तर शिकत असतानाच दरमहा व्याज भरत राहावे.

तुमच्या उत्पन्नगटासाठी सोयी आहेत. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर देशातील तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळातील व्याज केंद्र सरकार भरते. ठरावीक गुणवत्तेच्या संस्थांसाठी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे. तीत तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के सूट मिळते. निवडलेली संस्था या यादीत आहे की नाही ते अर्ज करण्याआधी पाहावे. राज्यातील संस्थेत सीईटीच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून जागा मिळाली, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळामार्फत शिक्षण शुल्कात सवलत मिळू शकते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की ती मिळत नाही. पुष्कळ पालक ही गोष्ट प्रवेश झाल्यावर विचारायला येतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

एमटेकचा विचार पैशाच्या अंगानेही करावा. गेट उत्तीर्ण होऊन प्रवेश घेतलेल्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. गेटचे गुण तीन वर्षे चालतात, कॅटचे मात्र एकाच वर्षापुरते.

एल्बेकाठी

मी सोलापूरचा. सध्या जर्मनीत नोकरी करतो. परदेशाबद्दल थोडक्यात लिहितो.

जर्मनीत हा जोडविषय नवा नाही. ‘विर्टशाफ्ट्सइंजिनिअर’ हा तेथे जुना आणि मानाचा पेशा आहे, आणि बारावीनंतरच इंजिनिअरिंग व अर्थशास्त्र सोबत शिकणारी मुले तेथे भरपूर आहेत. आपल्यासाठी अडचणही येथेच येते. या विषयाच्या मास्टर्सला अनेक विद्यापीठे पदवीत अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनाचेही ठरावीक क्रेडिट (विषयाच्या अभ्यासाचे मोजमाप) मागतात. आपल्याकडच्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने ‘इंडस्ट्रियल मॅनेजमेंट’सारखा एखादाच विषय घेतलेला असतो, म्हणून गुण उत्तम असूनही अर्ज नाकारला जातो. माझा पहिला अर्ज याच कारणाने गेला. अर्ज करण्याआधी आपली गुणपत्रिका त्यांच्या क्रेडिटच्या अटीशी ओळीने ताडून पाहावी.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसते, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना एका सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड (एकदम पैसे काढता न येणाऱ्या) खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा) आणि भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस (शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचे) प्रमाणपत्र आवश्यक असते. शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असा अर्थ कोणी घेऊ नये.

अमेरिकेत ताज्या पदवीधरांसाठी ‘मास्टर ऑफ इंजिनिअरिंग मॅनेजमेंट’ हा वेगळा प्रकार आहे. ड्यूक, डार्टमथ, कॉर्नेल, नॉर्थवेस्टर्न अशा विद्यापीठांत तो चालतो. एमबीएला अनुभव मागतात, याला बहुधा मागत नाहीत. शुल्क मात्र जबर आहे. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटातील अभ्यासक्रम असेल तर पदवीनंतर १२ अधिक २४ महिने काम करता येते, परंतु त्या ३६ महिन्यांत नोकरी मिळेलच असे धरून कर्जाचा हिशेब मांडू नये. आपल्या घरची परिस्थिती पाहता, व्हर्नियर, मी पहिला पर्याय म्हणून अमेरिका सुचवणार नाही.

भुईकोट

ताणाबाणा यांचे म्हणणे वाचून मी दोन दिवस विचार केला. माझा सल्ला माझ्या परिस्थितीतून आला होता. मला परत शिकायला जाताना घरात कोणी अडवले नाही, हे मी हिशेबात धरलेच नव्हते. मुलींच्या बाबतीत त्यांचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो.

तरीही एक गोष्ट सोडवत नाही. अनुभवाशिवाय गेलेला विद्यार्थी वर्गातला प्रश्न सोडवतो, पण प्रश्न कोणता ते त्याला दुसऱ्याने सांगावे लागते. ताई, तुमच्या घरात माग होते, वडिलांचे गोदाम होते. चूक करायला आणि ती दुरुस्त करायला जागा होती. ज्याच्या मागे कारखाना नाही, त्याने ती जागा कोठे शोधायची?

माझ्या मते उत्तर असे आहे. प्रवेश लगेच घ्यायचा असो वा नसो, येत्या सहा महिन्यांत परीक्षांची तयारी करता करता व्हर्नियरने एखाद्या खात्यात बसून मोजमाप करावे. पगार मिळाला नाही तरी चालेल, घड्याळ आणि वही हवी. कॅट नोव्हेंबरच्या अखेरीस असते, गेट फेब्रुवारीत आणि राज्याची सीईटी त्यानंतर. गेटसाठी ‘प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियल’ हा पेपरही पाहावा, मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला तो परका नाही. मात्र तुला हव्या असलेल्या विभागाला तो चालतो का, हे आधी तपास.

व्हर्नियर

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. एका कारखान्यात पदवीधर प्रशिक्षणार्थी म्हणून निवड झाली आहे, रुजू व्हायला अजून अवधी आहे. कॅट आणि गेट दोन्ही देणार आहे. दोन्हींपैकी काही जमले तर पुढच्या वर्षीच जाईन, नाही जमले तर नोकरी करत पुन्हा देईन. कंबर तलाव काकांचा हिशेब वडिलांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि ‘व्याज शिकतानाच भरायचे’ एवढेच म्हणाले.

मधल्या काळात मालकांच्या परवानगीने वडिलांच्या खात्यात बसलो. चार माग आणि आठ तासांच्या सहा पाळ्या. माग एकूण १,१४० मिनिटे थांबले. ताण्याचा धागा तुटून २३० मिनिटे, बाण्याचा तुटून २१०, वीज आणि किरकोळ कारणांनी १८०. उरलेली ५२० मिनिटे माग पाइल बीमची (टॉवेलवरच्या वेटोळ्यांचा धागा गुंडाळलेल्या रुळाची) वाट पाहत उभे होते. धागे तुटणे हीच मुख्य अडचण आहे असे खात्यात सगळे सांगत होते, वडीलसुद्धा. आकडे पाहून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, तुटलेला धागा दिसतो, न आलेला बीम दिसत नाही.

ताई, पाइल बीमचीच वाट इतकी का पाहावी लागते? ग्राउंड बीमसाठी (मूळ कापडाच्या धाग्याच्या रुळासाठी) सहा पाळ्यांत एकदाही थांबावे लागले नाही.

ताणाबाणा

व्हर्नियर, तुझ्या वडिलांचे वाक्य मी आमच्या वार्पिंग खात्यात, म्हणजे जेथे ताण्याचे बीम भरतात तेथे, लिहून लावणार आहे.

टेरीच्या मागावर ताण्याचे दोन बीम असतात. ग्राउंडचा धागा ताठ राहतो आणि पाइलच्या धाग्याची वेटोळी पडतात, म्हणून तेवढ्याच लांबीच्या टॉवेलला पाइलचा धागा कित्येक पट जास्त लागतो. साहजिकच पाइल बीम आधी संपतो. टॉवेल जितका जाड, तितका लवकर. आता वार्पिंगवाले बीम कोणत्या क्रमाने भरतात ते पाहा. बहुतेक ठिकाणी ऑर्डर ज्या क्रमाने आली त्या क्रमाने भरतात. कोणत्या मागावर किती मीटर उरले आहेत, हे त्यांना कोणी सांगतच नाही. तुमच्याकडेही तसेच असेल, तर तुझी ५२० मिनिटे मागावर नव्हे, वार्पिंगच्या यादीत सापडतील.

पुढच्या सहा पाळ्यांत आणखी एक रकाना वाढव. पाइल बीम संपण्याच्या किती मिनिटे आधी वार्पिंगला निरोप गेला आणि बीम जोडून माग पुन्हा केव्हा सुरू झाला, या दोन वेळा प्रत्येक बीमसमोर लिही. निरोप उशिरा जातो की बीम उशिरा भरतो, हे त्यातून वेगळे काढता येईल. आकडे आले की येथेच टाक. मी आमच्या आठ मागांचे त्याच पद्धतीने घेऊन ठेवते.